एप्रिलच्या दोन आठवड्यांत दक्षिण युरोप आणि अटलांटिक बेटे: पक्षिनिरीक्षणाची सहल कशी आखावी?

दक्षिण स्पेन, पोर्तुगाल, मदेरा, अझोरेस आणि कॅनरी ही सारी ठिकाणे एप्रिलच्या दोन आठवड्यांत बसतील का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे, की ती बसवू नयेत. मुख्य भूमीवरचा एक प्रदेश आणि एकच द्वीपसमूह निवडावा, आणि निवड करताना जे पक्षी जगात अन्यत्र दिसत नाहीत त्यांना झुकते माप द्यावे.

मुख्य भूमीसाठी मी पश्चिम स्पेनमधील एस्त्रेमादुरा प्रदेश सुचवेन. माद्रिदहून त्रुहिल्यो गाव मोटारीने सुमारे २५० किलोमीटरवर आहे. तेथून मोनफ्राग्वे राष्ट्रीय उद्यान गाठता येते, जेथे नदीपलीकडच्या कड्यावरची ग्रिफॉन गिधाडे आपल्या नजरेच्या पातळीवर येऊन घिरट्या घालतात आणि काळ्या गिधाडांची जगातील एक मोठी वसाहत आहे. आपल्याकडे गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने गिधाडांची काय अवस्था केली हे ठाऊक असलेल्या माणसाला ते आकाश पाहून भरून येते. आसपासच्या गवताळ माळांवर ग्रेट बस्टर्ड, म्हणजे आपल्या माळढोकाचा नातलग, वसंतात पिसारा उलटून पांढराशुभ्र गोळा होतो. हा प्रणयाविष्कार मार्च-एप्रिलमध्ये रंगात असतो, म्हणून सहलीची सुरुवात येथूनच करावी आणि या भागाला निदान सहा दिवस द्यावेत.

त्यानंतर माद्रिदहून विमानाने कॅनरी बेटांपैकी तेनेरिफे. तेथील निळा चॅफिंच हा छोटा पक्षी कॅनरी पाइनच्या जंगलातच राहतो. तेइदे पर्वताच्या वाटेवर, विलाफ्लोर गावाच्या वर, लास लाहास नावाची सहलीची जागा आहे. तेथील ठिबकणाऱ्या नळाशी शांत बसून राहिल्यास पाटीच्या दगडासारखा निळसर-राखाडी नर, पाइनच्या बिया फोडणारी आपली जाड चोच घेऊन, हाताच्या अंतरावर पाणी प्यायला उतरतो. लॉरेलच्या दाट जंगलातली दोन स्थानिक कबुतरे मात्र आत शिरून दिसत नाहीत, नुसती पंखांची फडफड ऐकू येते. त्यांच्यासाठी झाडांच्या शेंड्यांवर नजर जाईल अशी उंच जागा गाठावी. शेवटचे तीन दिवस फुएर्तेव्हेंतुरा बेटासाठी ठेवावेत. कॅनरी स्टोनचॅट जगात फक्त तेथेच आढळतो, आणि हुबारा बस्टर्ड पहाटे मोटारीत बसूनच शोधावा, कारण पायी माणूस दिसताच तो दूर निघून जातो.

मदेरा सोडताना मलाही वाईट वाटते. नामशेष मानला गेलेला झिनोचा पेट्रेल हा समुद्रपक्षी १९६९ मध्ये तेथे पुन्हा सापडला, आणि पिको दो आरिएरो शिखराच्या कड्यांवर रात्री त्याचे ओरडणे ऐकण्यासाठी स्वतंत्र सहल करण्याची त्याची योग्यता आहे. अझोरेसचा प्रिओलो, म्हणजे तेथील बुलफिंच पक्षी, हाही साओ मिगेल बेटाच्या पूर्व भागापुरताच असल्याने वेगळाच वेळ मागतो. दक्षिण स्पेनमधील तारिफाला शिकारी पक्ष्यांचे थवे जिब्राल्टरची समुद्रधुनी ओलांडताना पाहायचे असल्यास ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा काळ धरावा.

कॅनरी बेटे शेंगेनमध्येच, म्हणजे युरोपच्या सामाईक व्हिसा क्षेत्रातच, येतात, त्यामुळे या आखणीत स्पेनचा एकच व्हिसा पुरतो. भाड्याची मोटार स्वतः चालवणार असाल, तर निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यावा.