पहिल्या ट्रॅक डेला गाडीत कॅमेरा आणि जीपीएस कसे लावावेत? त्याचा खरंच उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या महिन्यात चेन्नईच्या ट्रॅकवर स्वतःची हॅचबॅक घेऊन पहिल्यांदाच ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवायला मिळते त्या दिवसाला, जाताय. गाडीतून व्हिडिओ घ्यायचाय, जीपीएसचा डेटाही हवाय. मग काय विकत घ्यावं, कुठे लावावं, आणि हे सगळं शिकायला उपयोगी पडतं की नुसतं रील टाकण्यापुरतं असतं?

उपयोगाचं आधी सांगतो. तो कळला की काय घ्यायचं ते बरंचसं आपोआप ठरतं.

मी त्याच ट्रॅकवर पुण्याहून गाडी चालवतच गेलो होतो. नवीन कात्रज बोगद्यातून साताऱ्याकडे जाणारा आपला एनएच ४८ पुढे बेळगाव, हुबळी, बंगळुरू, वेल्लोर करत श्रीपेरुंबुदूरला पोचतो आणि इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅकही याच महामार्गावर आहे. घरून निघालेला रस्ता थेट ट्रॅकपाशी नेतो याचा मला तेव्हा फार आनंद झाला होता. ट्रॅक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा, पूर्ण लांबी ३.७ किलोमीटर. वळणांना तिथे नावं नाहीत, सी-वन, सी-टू असे आकडे आहेत. मुख्य सरळ पट्टा संपला की सी-वन. फार वेगात घ्यायचं वळण. माझ्या पोलोचा काटा तिथे पोचेपर्यंत दीडशेच्या आसपास जायचा.

दुसऱ्या सेशननंतर, म्हणजे ट्रॅकवर चालवायच्या दुसऱ्या पाळीनंतर, मी बरोबरच्या मित्राला छातीठोकपणे सांगितलं की सी-वनला माझा पाय ॲक्सिलरेटरवरून थेट ब्रेकवर जातो. मला मनापासून तसंच वाटत होतं. जेवणाच्या सुट्टीत जीपीएसचा ग्राफ उघडला. आडवं अंतर, उभा वेग. सरळ पट्ट्याच्या शेवटी वेगाची रेघ टोकाला जाऊन एकदम खाली कोसळायला हवी. माझी रेघ टोकाला गेली, मग उतरत्या पत्र्यासारखी तिरकी झाली आणि त्यानंतर कोसळली. तो तिरका तुकडा जवळजवळ दोन सेकंदांचा होता. दीडशेच्या वेगाला गाडी सेकंदाला ४१ मीटरहून जास्त जाते, म्हणजे मी ऐंशी मीटर कशाचंच काही करत नव्हतो.

ग्राफवरून एवढंच कळतं की वेग हळूहळू उतरला. का उतरला ते कळत नाही. पुढे कोणी हळू गाडी होती का, गिअर चुकला का, हे काहीही असू शकतं. म्हणून तोच लॅप (ट्रॅकची एक फेरी) व्हिडिओत लावला आणि कानात इअरफोन घातले. पाय कॅमेऱ्यात दिसत नाहीत, पण ऐकू येतात. इंजिनाचा चढता सूर मध्येच पडला. हात स्टीअरिंगवर घट्ट, बोटांची पेरं पांढरी. रस्ता मोकळा. सूर पडलेलाच. आणि मग कितीतरी वेळाने बॉनेट खाली वाकलं, म्हणजे तेव्हा कुठे ब्रेक लागला. माझा पाय भीतीने आधीच उचलला जात होता आणि दोन सेकंद अधांतरी राहत होता. ती भीती मला गाडीत जाणवलीच नव्हती.

खरं नुकसान त्याच्या पुढे होतं. पाय उचलल्यामुळे वेग आधीच कमी झालेला. त्यावर सवयीने ब्रेक रोजच्या जागी आणि रोजच्या जोराने. त्यामुळे गाडी वळणात गरजेपेक्षा हळू शिरायची. सहा लॅपमध्ये सी-वनमधला माझा सर्वांत कमी वेग ९६ ते १०४ च्या मध्ये फिरत होता. मित्राकडेही पोलोच, टायरही तेच. त्याचा आकडा ११० च्या आसपास ठरलेला. त्या एका वळणात आणि त्याच्या पुढच्या तुकड्यात मिळून माझा अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जात होता.

पुढच्या सेशनला मी ब्रेक उशिरा मारायचा प्रयत्न केला नाही. तुम्हीही करू नका, पहिल्या दिवशी तर अजिबात नाही. ब्रेकची जागा तीच, दाबही तोच, फक्त पाय ॲक्सिलरेटरवर थोडा जास्त वेळ, आणि तेही दर लॅपला थोडं थोडं. संध्याकाळपर्यंत सी-वनमधला वेग १०७-१०८ वर आला. तो तिरका तुकडा पूर्ण गेला नाही, पण बोटभर उरला. हे मला कोणत्याही इन्स्ट्रक्टरने बाहेर उभं राहून सांगितलं नसतं, कारण बाहेरून ते दिसतच नाही.

आता सामान. नुसता फोन चालेल का, असं सगळेच विचारतात. बहुतेक फोनचा जीपीएस सेकंदाला एकदाच जागा सांगतो. म्हणजे दीडशेच्या वेगाला दर ४१ मीटरला एक ठिपका. लॅप टाइम त्यातून अंदाजे निघेल, पण मी वर सांगितलं तसं काही त्यात दिसणार नाही, ब्रेकिंगचा अख्खा भाग तीन-चार ठिपक्यांत संपून जातो. १० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दहा नोंदी घेणारा वेगळा रिसीव्हर घेतलात तर ठिपका चार मीटरवर येतो, आणि रेसबॉक्स मिनीसारखा २५ हर्ट्झचा घेतलात तर दोन मीटरच्या आत. माझ्या मते पैसे घालायचेच असतील तर भारी कॅमेऱ्याआधी इथे घाला. हे रिसीव्हर ब्लूटूथने फोनला जोडले जातात आणि रेसक्रोनोसारखं ॲप बाकीचं सांभाळतं. गोप्रो असेल तर मॉडेल तपासा: हिरो ५ पासून त्यात जीपीएस होता, हिरो १२ मध्ये कंपनीने तो काढून टाकला आणि हिरो १३ ला परत आणला. सेकंडहँड घेताना लोक इथे हमखास फसतात.

जीपीएसबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे डेटा वाचताना चूक होणार नाही. जागा सांगताना तो दोन-तीन मीटर चुकू शकतो. ट्रॅकची रुंदी दहा-बारा मीटरची धरली तर नकाशावर दोन लॅपच्या रेघा एकमेकींपासून मीटरभर लांब दिसल्या म्हणून तुम्ही खरंच वेगळ्या लाइनने (वळणातून जायच्या वाटेने) गेलात असं म्हणता येत नाही. वेगाचं मात्र तसं नाही. रिसीव्हर वेग मोजतो तो उपग्रहाच्या सिग्नलच्या फ्रिक्वेन्सीत पडणाऱ्या फरकावरून, जसा जवळ येणाऱ्या आणि लांब जाणाऱ्या रेल्वेच्या शिट्टीचा सूर बदलतो तसा. त्यामुळे मोकळ्या आकाशाखाली वेगाचा आकडा फार भरवशाचा असतो. म्हणून वेगाचा ग्राफ वाचा, आणि लाइन बघायची असेल तर व्हिडिओत बघा: गाडी ट्रॅकच्या कडेच्या पांढऱ्या-लाल कर्बपासून किती लांब आहे ते डोळ्यांना स्पष्ट दिसतं. (२ मे २००० पर्यंत अमेरिका सामान्यांसाठीच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळायची. ते बंद झालं म्हणून आपल्यासारख्यांना आज हे जमतंय.)

रिसीव्हर पिटच्या (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात त्या जागेच्या) पत्र्याखाली चालू करून लगेच ट्रॅकवर जाऊ नका. बराच काळ बंद असलेल्या रिसीव्हरला सगळ्या उपग्रहांची पूर्ण यादी सिग्नलमधून उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटं लागतात. गाडी उन्हात उभी करून पंधरा मिनिटं आधी चालू ठेवा. तो छतावर बसला तर उत्तम, नाहीतर डॅशबोर्डवर काचेच्या अगदी जवळ. कॅमेरा आणि त्याची चार्जिंगची वायर त्याच्यापासून लांब ठेवा, काही कॅमेऱ्यांमुळे जीपीएसच्या सिग्नलला त्रास होतो. फोन मात्र काचेवर लावू नका. चेन्नईच्या उन्हात माझा फोन दुसऱ्या लॅपला तापून बंद पडला आणि अख्खं सेशन गेलं. तेव्हापासून फोन ग्लोव्ह बॉक्समध्ये असतो. तिथे ठेवण्यात अजून एक फायदा आहे: चालवताना लॅप टाइम दिसत नाही. नवीन असताना तो दिसूच नये असं मला कळकळीने वाटतं. पडद्यावर हिरवा आकडा दिसला की माणूस पुढच्या वळणाला नको ते करतो.

कॅमेरा कुठे लावायचा यावर मी जास्त आग्रही आहे, कारण एकदा चूक केली आहे. पुढच्या काचेला सक्शन कपने लावला होता. सकाळी घट्ट बसलेला कप दुपारच्या उन्हात सुटला आणि जोरात ब्रेक लागताच कॅमेरा डॅशबोर्डवरून गडगडत खाली गेला. डावीकडे, शेजारच्या सीटच्या पायाशी पडला म्हणून वाचलो. तोच माझ्या ब्रेक पेडलखाली गेला असता तर? मी इंडिकेटर लावला, हात बाहेर काढला आणि हळूहळू पिटमध्ये आलो. पुढची दहा मिनिटं हात थरथरत होते. आता मी शेजारच्या सीटच्या हेडरेस्टच्या दोन दांड्यांना पक्का क्लॅम्प लावतो आणि शिवाय कॅमेऱ्याला एक आखूड दोरी बांधतो, क्लॅम्प सुटला तरी वीतभरच लोंबकळेल एवढी. स्क्रुटिनीला, म्हणजे ट्रॅकवर सोडण्याआधी गाडी बघतात तेव्हा, हे तपासतातच, पण त्यांच्यासाठी म्हणून नका करू.

ही जागा व्हिडिओसाठीही सर्वांत चांगली. दोन्ही सीटच्या मधून, खांद्याच्या थोडं वर: तुमचे हात, गिअर, मीटर आणि पुढचा रस्ता, सगळं एका चौकटीत येतं. बॉनेटवर किंवा बंपरवर लावलेला कॅमेरा दिसायला भारी दिसतो, पण त्यात हात दिसत नाहीत, आणि शिकायचं तर हातांवरूनच असतं. एकाच वळणात स्टीअरिंग दोनदा-तीनदा वळवावं लागतंय का, हे तिथूनच कळतं. सेटिंगमध्ये फार डोकं घालू नका. १०८० पी, ६० फ्रेम पुरे. स्टॅबिलायझेशन बंद करा, नाहीतर वळणात गाडीचा आतला भाग पाण्यावर तरंगल्यासारखा डोलतो. उजेडाचं मोजमाप काचेबाहेरच्या रस्त्यावर घ्यायला सांगा, नाहीतर सीट छान दिसतील आणि रस्ता पांढराफटक. खिडक्या उघड्या ठेवायला सांगितलं तर वाऱ्याने आवाज खराब होतो, आणि आवाजाचं महत्त्व वर सांगितलंच. माइकवर स्पंजचा तुकडा लावला तरी खूप फरक पडतो.

मग दोन्ही जुळवणं. ॲपमध्ये व्हिडिओ आणि डेटा एकत्र आणताना गाडी पिटमधून हलते तो क्षण धरा: डेटात वेग शून्यावरून उठतो, चित्रात खांब मागे सरकायला लागतो. पण तेवढ्यावर थांबू नका, सेशनच्या शेवटच्या लॅपलाही तपासा. माझ्या पहिल्या व्हिडिओत सुरुवातीला सगळं बरोबर होतं आणि शेवटच्या लॅपला पडद्यावरचा आकडा आणि गाडी यांचं काही जुळेचना, आकडा एका जागी, ब्रेक दुसऱ्याच जागी. कारण शोधायला एक संध्याकाळ गेली. कॅमेरा '३०' म्हणतो तेव्हा खरं तर सेकंदाला २९.९७ फ्रेम घेतो. सॉफ्टवेअरने ते ३० धरले तर हजारात एक एवढी चूक होते, आणि वीस मिनिटांच्या सेशनला ती १.२ सेकंद भरते. फ्रेम रेट बरोबर निवडला की प्रश्न मिटतो. फोनने व्हिडिओ घेत असाल तर फ्रेम रेट मधेच कमी-जास्तही होतो, तेव्हा दर दोन-तीन लॅपला जुळवून बघावं लागतं.

जाण्याआधी दोन फोन करा. आयोजकांना विचारा की कॅमेरा लावायला आणि व्हिडिओ टाकायला परवानगी आहे का. सगळीकडे असतेच असं नाही, जर्मनीत नुरबुर्गरिंगला सामान्य लोकांसाठी ट्रॅक उघडतात तेव्हा चित्रीकरण आणि वेळ मोजणं दोन्हीला मनाई आहे. आणि स्वतःची विमा पॉलिसी वाचा. आपल्याकडच्या गाडीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर काही झालं तर खर्च आपलाच, हे मनाशी धरूनच आत जा.

पहिलं सेशन काहीही न बघता चालवा, रेकॉर्डिंग मागे चालू राहू दे. नंतर हेल्मेट काढा, पाणी प्या, टायरचं प्रेशर लिहून ठेवा आणि तुमच्या सर्वांत चांगल्या लॅपशेजारी एक साधारण लॅप ठेवा. दोन्हींतला वेळेचा फरक दाखवणारी रेघ ॲपमध्ये असते. ती जिथे सर्वांत जास्त चढते ते एक वळण निवडा, त्याचा व्हिडिओ इअरफोन लावून तीन-चार वेळा ऐका, आणि पुढच्या सेशनला फक्त तिथे काम करा. मी त्या दिवशी सी-वन सोडून दुसरं काही उघडलंसुद्धा नाही. सकाळचा २ मिनिटं १७ चा लॅप संध्याकाळी १५ वर आला, आणि बाकीच्या वळणांच्या फाइल मी पुण्याला आल्यावर बघितल्या.