आधी दाराचं बटण बघ
भावा, जुन्या मारुती ८०० च्या छताचा दिवा लागत नाही म्हणून लगेच पोवई नाक्याला बल्ब आणायला पळू नको. दिव्याचं बटण पूर्ण चालूवर सरकव. तसा पेटला तर बल्ब ठीक आहे, दोष दाराच्या चौकटीतल्या बटणाचा, जे दार उघडलं की दिवा लावतं. साताऱ्याच्या पावसात ते गंजतंच. नाहीच पेटला तर फ्यूज बघ, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडव आणि कव्हर हलकेच उचक. उन्हानं प्लास्टिक कडक झालेलं असतं, माझ्याकडून एक लॉक तुटलाय. आतला बल्ब काचेच्या नळीसारखा, दोन्ही टोकांना टोप्या. तोच खिशात घालून दुकानात जा; व्होल्ट १२ च, पण लांबी वेगवेगळी मिळते. बल्ब धरणाऱ्या पट्ट्या पॉलिश पेपरनं घासून जराशा आत दाब. एलईडी बल्ब घेतलास आणि बॅटरीची वायर परत जोडूनही पेटला नाही तर उलटा करून बसव.