भोपळ्याचा दिवा आणि संध्याकाळचे सहा

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. ३१ ऑक्टोबरला, हॅलोवीनच्या सणाला, माझा सहा वर्षांचा मुलगा शेजारच्या मुलांबरोबर घरोघरी चॉकलेटे मागायला जाणार आहे. पुण्याहून आलेल्या सासूबाईंना हा भुताखेतांचा प्रकार अशुभ वाटतो, तर मला अनोळखी घरांतल्या खाऊची धास्ती वाटते. या सणाचे मूळ काय आणि काळजी कोणती घ्यावी?

उत्तर : सासूबाईंना प्रथम हे सांगावे की हॅलोवीन हे नाव ख्रिस्ती आहे. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस असून त्याच्या आदल्या संध्याकाळचे जुने इंग्रजी नाव झिजत झिजत हा शब्द तयार झाला. २ नोव्हेंबरला मृतांचे स्मरण होते. वसईतील आणि गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबेही त्या दिवशी कबरींवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. भुतांचा भाग आला तो आयर्लंडमधून. गुरे उन्हाळी कुरणांतून खाली आणण्याच्या सुमारास तेथे ‘साविन’ हा हिवाळ्याच्या आरंभाचा सण असे आणि त्या रात्री टेकड्यांमधली परलोकाची दारे उघडतात, असे मध्ययुगीन आयरिश कथांत येते. या कथा ख्रिस्ती मठांमध्ये लिहिल्या गेल्या, त्यामुळे आजचा सगळा थाट दोन हजार वर्षांचा असल्याचे ठोकून देण्यात अर्थ नाही.

या सणाला दारात ठेवतात तो कोरलेला दिवाही मूळचा भोपळ्याचा नव्हे. आयर्लंडमध्ये सलगम कोरत. मेयो परगण्यातील संग्रहालयात अशा एका दिव्याची प्रतिकृती आहे, आणि त्याचा सुरकुतलेला, दात विचकणारा चेहरा आजच्या गोबऱ्या भोपळ्यापेक्षा कितीतरी भेसूर दिसतो. १८४५नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश लोक अमेरिकेत आले. तिथे कोरायला सोपा असलेला भोपळा त्यांच्या हाती लागला.

आता आपल्या धास्तीविषयी. अनोळखी माणसाने वाटलेल्या विषारी खाऊने मूल दगावल्याचे एकही सिद्ध प्रकरण समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांना अनेक दशकांच्या बातम्या चाळूनही सापडले नाही. १९७४मध्ये टेक्सासमध्ये सायनाइडने मेलेल्या मुलाचा मारेकरी त्याचा बापच निघाला. फुटलेले वेष्टन टाकून द्यावे, शेंगदाण्याचे वावडे असल्यास घटक वाचावेत, एवढे पुरे. खरी भीती रस्त्याची आहे. १९७५ ते २०१६ या काळातील अमेरिकी अपघातांच्या अभ्यासात या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका इतर संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी अधिक आढळला; त्यातही चार ते आठ वर्षांच्या मुलांना तो सुमारे दहापट होता, आणि सहाच्या सुमाराची वेळ विशेष वाईट होती.

म्हणून मुलाचा काळा झगा घोट्याच्या वर राहील असा शिवावा, पाठीवर चमकणारी पट्टी लावावी, मुखवट्याऐवजी चेहरा रंगवावा, हाती टॉर्च द्यावा आणि रस्ता ओलांडताना त्याचे मनगट आपण धरावे. भोपळ्यात मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवावा, कारण दारात वाकणाऱ्या मुलांचे झगे चटकन पेट घेतात. सासूबाईंना मात्र बजावून ठेवावे, की दारात चार दिवस राहिलेल्या त्या भोपळ्याचे घारगे करू नयेत. तो पाणचट तर असतोच, शिवाय एव्हाना त्याला आतून बुरशीही धरलेली असते.