वडील ‘या वयात आता कसला खेळ’ म्हणतात. त्यांना मैदानावर कसं न्यावं?

तुम्ही लिहिलंय की वडील ६९ वर्षांचे आहेत, तब्येत तशी ठणठणीत, पण निवृत्तीनंतर सगळा दिवस खुर्ची आणि मोबाईल यांतच जातो. स्पर्धाबिर्धा नको, चार लोकांत मिसळून काहीतरी खेळावं एवढीच तुमची इच्छा. आणि विषय काढला की ‘या वयात आता कसला खेळ’ म्हणून ते उडवून लावतात.

हे वाक्य मी दीड वर्ष ऐकलंय. त्याचा अर्थ मात्र फार उशिरा कळला. माझ्या बाबांना कंटाळा नव्हता, फजितीची भीती होती. उभा जन्म ज्या माणसाने दुसऱ्यांना कामं शिकवली, त्याची रॅकेट चारचौघांत नुसतीच हवेत फिरली तर? हे ते कधीच बोलून दाखवणार नाहीत. गुडघ्याचं सांगतील, उन्हाचं सांगतील, दिवसभर रिकामे असून वेळ नाही म्हणतील. आपण बिचारे गुडघ्यावर उपाय शोधत बसतो.

माझी चूक आधी सांगतो, म्हणजे तुमची वाचेल. मी भारी रॅकेट आणली, बूट आणले आणि ‘ज्येष्ठांसाठी’ असलेल्या एका वर्गात त्यांना न विचारता नाव घातलं. पहिल्याच दिवशी तिथल्या प्रशिक्षकाने सगळ्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या आणि कोण किती मागे राहिलं ते मोठ्याने सांगितलं. बाबा घरी आले, बूट पुसून खोक्यात ठेवले आणि खोकं माळ्यावर टाकलं. वर मी त्यांना हृदयविकाराचे व्हिडिओ पाठवत होतो. पुढे बरेच महिने घरात खेळाचं नावही निघालं नाही.

शेवटी जमलं ते माझ्यामुळे नाहीच. ओळखीतले चार निवृत्त लोक रोज सकाळी बॅडमिंटन खेळायचे. त्यांतल्या एकाचा खांदा दुखावला आणि डबल्सला गडी कमी पडायला लागला. एक काका घरी येऊन म्हणाले, “अहो, चौथा नाही म्हणून आमचा डाव अडलाय. नुसते येऊन उभे राहा.” आरोग्याबद्दल चकार शब्द नाही. बाबा गेले, पण दोन दिवस बाकावर बसूनच राहिले. तिसऱ्या दिवशी नायलॉनचं एक फूल, म्हणजे शटल, त्यांच्या पायाशी येऊन पडलं. एका बाजूने चेपलेलं होतं. त्यांनी ते उचललं, बोटांनी आतून दाबत दाबत गोल केलं, डोळ्यांसमोर धरून फिरवलं आणि म्हणाले, “असल्या फुलाने खेळता होय तुम्ही? बघू, सरळ जातंय का.” एवढ्या निमित्ताने रॅकेट हातात आली. फूल सरळ गेलं की नाही, हे नंतर कोणी विचारलंही नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे व्यायामाचं आमंत्रण देऊ नका. त्यांची कुणाला तरी गरज आहे असं खरोखरचं निमित्त शोधा, आणि ते त्यांच्या वयाच्या माणसाच्या तोंडून येऊ दे. लेकाने सांगितलं की त्याला उपदेशाचा वास येतो.

दुसरी गोष्ट गटाची. त्या लोकांची एक पद्धत मला फार आवडली. ते गुण मोजतच नाहीत. फूल खाली न पडता जाळीवरून किती वेळा गेलं, ते चौघं मिळून मोजतात. बाबांचा पहिल्या दिवसाचा आकडा ११ होता, दीड महिन्याने तो साठच्या पुढे गेला. यात गंमत अशी की समोरच्याला फूल पोचेल असंच मारावं लागतं. त्यामुळे सगळ्यात कच्चा गडी सगळ्यांनाच सांभाळून घ्यावासा वाटतो. दर दहा मिनिटांनी जोड्या बदलतात, दमलेला न विचारता बसतो. गटात एखादा जरी ‘हरलात की हो’ म्हणणारा असेल, तर तो गट सोडा आणि दुसरा बघा. असा एकजण चार नवख्यांना पळवून लावतो.

बॅडमिंटनच हवं असं काही नाही. काही खेळांत ही सोय नियमांतच आहे. चालत खेळायचा फुटबॉल इंग्लंडमधल्या चेस्टरफील्ड इथे २०११ मध्ये सुरू झाला. त्यात धावणं हाच फाऊल, मग हळू चालणाऱ्याला लाजण्याचं कारणच उरत नाही. फ्रान्समधला पेटांक, म्हणजे लोखंडी गोळे छोट्या लाकडी गोळीच्या जवळात जवळ टाकायचा खेळ, तर एका माणसाच्या सांध्यांच्या दुखण्यातून आला. गेल्या शतकाच्या सुरुवातीला ला सिओता गावातल्या एका खेळाडूला संधिवातामुळे पळत येऊन गोळा टाकता येईना. मित्रांनी त्याला वगळण्याऐवजी खेळच बदलला आणि सगळ्यांनीच वर्तुळात पाय रोवून टाकायचं ठरवलं. पिकलबॉल, म्हणजे छोट्या फळीने भोकांचा प्लास्टिकचा चेंडू जाळीवरून टोलवायचा खेळ, १९६५ मध्ये अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर घरच्या घरी जुळवलेला. कोर्ट बॅडमिंटनएवढंच, ४४ बाय २० फूट, आणि सर्व्हिस खालून. शिकायला सोपा आहे, पण हल्ली तिथेही गुणांवरून हमरीतुमरी होते, आधी जाऊन बघा.

फायद्याचे आकडे तुम्हाला सापडतीलच. कोपनहेगनमध्ये सुमारे २५ वर्षं लोकांचा मागोवा घेतलेला एक अभ्यास २०१८ मध्ये आला. त्यात काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत टेनिसवाल्यांचं आयुर्मान ९.७ वर्षांनी, बॅडमिंटनवाल्यांचं ६.२ आणि जॉगिंग करणाऱ्यांचं ३.२ वर्षांनी जास्त दिसलं. सोबतीने खेळण्याचा यात वाटा असावा असं संशोधकांना वाटतं. मला वाटतं त्यातला काही भाग मुळात धडधाकट आणि सुखवस्तू लोकच टेनिस खेळतात यातूनही येत असेल. काही असो, हे वडिलांना वाचून दाखवू नका.

काळजीचं मात्र नीट ऐका. या वयात खरा धोका पडण्याचा. डोक्यावरून गेलेलं फूल किंवा चेंडू मागे पाहत, उलट पावलांनी घ्यायला जाणं म्हणजे पडण्याला आमंत्रणच. बाबांच्या गटाचा नियम आहे, डोक्यावरून गेलं की सोडून द्यायचं. मी आणलेले बूट धावण्याचे होते, तेही चुकलंच. त्यांची जाड, मऊ टाच आडव्या हालचालीत घोटा वळवते, म्हणून सपाट तळाचे कोर्टचे बूट घ्या. चष्मा दूरचं-जवळचं एकत्र दाखवणारा असेल तर खाली पाहताना जमीन धूसर दिसते. खेळायला नुसता दूरचा चष्मा वेगळा ठेवा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच संथ राहते, म्हणून घड्याळावरच्या ठोक्यांच्या भरवशावर राहू नका. खेळताना बोलता येतंय, पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा दम लागला तर ठीक. मधुमेहावर इन्सुलिन चालू असेल, हृदयाचं जुनं दुखणं असेल किंवा सांधा बदललेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दाटलं किंवा चक्कर आली तर ‘हा एक डाव होऊ दे’ चालणार नाही, तिथेच थांबायचं.

जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणाऱ्या हालचाली करायला सांगते. तीन दिवसांपासूनच सुरुवात करा. रोजचा हट्ट धरलात तर एक दिवस चुकला की सगळंच सुटतं.

आणि पहिले पंधरा दिवस तुम्ही स्वतः तिकडे फिरकू नका. मुलासमोर रॅकेट हवेत फिरणं परक्यांसमोर फिरण्यापेक्षा जड जातं. घरी आल्यावर ‘कसं झालं?’ असंही विचारू नका. बाबा सहाव्या-सातव्या दिवशी आपणहून सांगायला लागले, आणि तेही खेळाबद्दल नाही, कुठल्याशा काकांच्या विनोदाबद्दल.