लग्नानंतर सांगलीत आलेल्या, अनुभव नसलेल्या जीएनएम सिस्टरने पहिली नोकरी कशी शोधावी?

ताई, तुमचं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, कौन्सिलची नोंदणी हातात आहे, लग्नानंतर उदगीरहून सांगलीत आलात. इथं ओळखीचं कुणी नाही आणि जिथं जाल तिथं "अनुभव किती?" एवढंच विचारतात, असं तुम्ही लिहिलंय. मी मिरजेत बरीच वर्षं वॉर्डात आहे, आता इनचार्ज म्हणून बघते. नव्या मुलींची पहिली विचारपूस बऱ्याचदा माझ्याकडेच येते, म्हणून सविस्तर लिहिते.

घर सांगलीत असलं तरी शोध मिरजेपासून सुरू करा. मिशनरी डॉक्टर सर विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, पाठोपाठ 1897 मध्ये नर्सिंग स्कूल काढलं. तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव आहे. 1962 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगली-मिरज रस्त्यावर वॉनलेसवाडीला भारती हॉस्पिटल आहे, शिवाय कॅन्सर, हाडं, हृदय, बाळंतपण अशी खासगी हॉस्पिटलं गल्लोगल्ली आहेत. रेल्वेचं जंक्शन असल्यामुळे कर्नाटकातल्या अथणी, रायबाग, चिकोडीकडचे पेशंटही मिरजेलाच येतात. कुठल्या ना कुठल्या वॉर्डात सिस्टर कमीच असते. कुणी पुण्याला जाते, कुणी परदेशी, कुणाची सरकारी भरतीत निवड होते. या जागांची जाहिरात क्वचितच येते. वॉर्डातल्या मुलींकडून मेट्रनला, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखाला, कळतं आणि मेट्रन ओळखीतून माणूस बघते. म्हणून व्हॉट्सअॅपवर बायोडाटा पाठवून वाट बघू नका. स्वतः जा आणि थेट मेट्रनना भेटायचंय असं सांगा. सकाळी हँडओव्हर (पाळी बदलताना पेशंटची माहिती देणं) आणि राऊंड चालू असताना कुणाला बोलायला उसंत नसते. साधारण बारानंतर गेलात तर दोन मिनिटं तरी नीट मिळतात. आज जागा नाही म्हणाल्या तर नाव-नंबर ठेवून या आणि काही दिवसांनी परत तोंड दाखवा. परत येणारी मुलगी लक्षात राहते.

फाईल आधी नीट लावून घ्या. तुमची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची आहे, त्यामुळे जिल्हा बदलला म्हणून नव्याने नोंदणी लागत नाही. फक्त नूतनीकरणाची मुदत बघा. लग्नानंतर आधारवर नाव बदललं असेल आणि कौन्सिलच्या सर्टिफिकेटवर माहेरचं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा. नावातल्या या फरकामुळे ऑफिसात कागद अडकून पडलेले मी पाहिलेत. मूळ कागद दाखवायला न्या, जमा मात्र करू नका. साक्षांकित झेरॉक्स पुरते. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचे मूळ कागद एका हॉस्पिटलने ठेवून घेतले होते. दुसरीकडे चांगली जागा मिळाल्यावर ते सोडवताना तिला रडू आलं. सही करण्याआधी बॉण्ड, म्हणजे नोकरी न सोडण्याचा करार, किती महिन्यांचा आहे तेही वाचा. नेमणूकपत्र मागा, पीएफ आणि ईएसआय कापतात का विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही.

आता अनुभवाचं. तीन वर्षांच्या पोस्टिंगमध्ये तुम्ही जे हाताने केलंय ते अनुभवातच धरा आणि तसंच सांगा. "सगळं येतं" म्हणू नका. "लेबर रूमला होते, इतक्या बाळंतपणांना हजर होते, कॅथेटर टाकलाय, व्हेनफ्लॉन (शिरेत सलाईनची सुई लावणं) अजून एका झटक्यात जमत नाही" असं बोला. असं सांगणाऱ्या मुलीवर माझा विश्वास बसतो, कारण रात्री दोन वाजता तीच मला हाक मारणार. जिला सगळं येतं ती न विचारता इंजेक्शन देऊन मोकळी होईल, याची मला धास्ती वाटते.

मेट्रन चार साध्या गोष्टी विचारतात. 500 मिली सलाईन चार तासांत द्यायचं, सेट मिलीला 20 थेंबांचा, तर मिनिटाला किती थेंब? 500 गुणिले 20, भागिले 240 मिनिटं, म्हणजे साधारण 42. हे कागदावर न घेता सांगता आलं पाहिजे. सुया कुठल्या डब्यात? पांढऱ्या, न टोचणाऱ्या. सलाईनचा सेट लाल पिशवीत, रक्ताने भिजलेलं ड्रेसिंग पिवळ्या, काचेच्या व्हायल निळ्या. सीपीआरला (हृदय बंद पडल्यावर छाती दाबताना) दाब मिनिटाला 100 ते 120, मोठ्या माणसाला, तुम्ही एकट्या असलात तरी, 30 दाबांमागे दोन श्वास. एवढी उजळणी एका संध्याकाळी होते.

जागा मिळाली तर घ्यायची की नाही, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पहिल्या नोकरीत पगाराआधी एकच गोष्ट बघा: रात्री तुमच्यासोबत कोण आहे. छोट्या नर्सिंग होममध्ये वॉर्ड, ऑपरेशन थिएटर, बाळंतपण सगळं हाताखालून जातं आणि हात लवकर तयार होतो, हे खरं. पण तिथंच नव्या मुलीला आठवडाभरात नाईटला एकटीला ठेवतात. सोबत एक मावशी, डॉक्टर वरच्या मजल्यावर झोपलेले किंवा घरी. पेशंटचा श्वास वाढला तर उठवावं की थांबावं, हे तिला कोण सांगणार? म्हणून भेटीतच विचारा: नाईटला दुसरी सिस्टर असते का, आरएमओ (ड्युटीवरचे निवासी डॉक्टर) इमारतीतच असतात का, आणि पहिले किती आठवडे सीनियरच्या जोडीने ड्युटी देणार? या प्रश्नांवर जिथं मेट्रन सरळ उत्तर देतात, तिथं पगार थोडा कमी असला तरी जा. मला अशी सीनियर मिळाली होती. औषध भरताना ती शेजारी उभी राहायची, प्रत्येक अॅम्प्युल माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायची. आज मी नव्या मुलींकडून तेच करून घेते.

आयसीयूत जास्त पैसे देतात म्हणून लगेच तिकडे धावू नका. आधी मेडिसिन नाहीतर सर्जरीचा वॉर्ड करा. तब्येत बिघडायला लागलेला पेशंट मॉनिटरशिवाय ओळखायला तिथंच शिकता येतं.

सरकारी बाजूलाही लक्ष असू द्या. जिल्हा परिषद आणि सांगली-मिरज-कुपवाड महापालिका यांच्याकडून राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली करारावरच्या जागा निघतात. त्यांच्या संकेतस्थळांवर अधूनमधून बघत जा, पण त्यासाठी घरी बसून राहू नका.

घरच्यांशी नाईटबद्दल रुजू होण्याआधीच बोला. तिन्ही पाळ्यांच्या ठिकाणी नाईट साधारण रात्री आठ ते सकाळी आठ असते. सासूबाईंना हे पहिल्या नाईटलाच कळलं तर घरात कटकट होते आणि ती ड्युटीवर डोक्यात घेऊन यावी लागते. जमल्यास त्यांना एकदा हॉस्पिटल दाखवा. रात्री वडापच्या (इथल्या शेअर जीप-रिक्षांच्या) भरवशावर राहू नका, पोचवायला कोण येणार ते आधी ठरवा. थोडं कन्नडही कानावर पडू द्या. "एल्ली नोवु?" म्हणजे कुठं दुखतंय, एवढं विचारता आलं तरी अथणीकडच्या आजी तुमच्याशी बोलायला लागतात.

आणि हिपॅटायटिस बीची लस. कॉलेजात झाली असेल तर ते कार्ड फाईलला लावा. नसेल तर पहिला डोस याच आठवड्यात घ्या. पुढचे एक आणि सहा महिन्यांनी असतात, आणि सुई पहिल्या महिन्यातही टोचू शकते.