कॅटेकिझम पाठ आहे, पण मिस्सेत पोरगा टिकत नाही

मावशी, नवरा गोव्यात नोकरीला आहे, पंधरवड्यातून एकदा घरी येतो. मुलगा आठ वर्षांचा, यंदा त्याचं पहिलं कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर पहिल्यांदा घेणं. मुलगी चार वर्षांची. सासूबाई रोज रात्री जेवणं झाली की कोकणीतून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात, पाच मिनिटांत मुलांची चुळबुळ सुरू होते, मग आरडाओरडा. रविवारी चर्चमधल्या उपासनेत, मिस्सेत, दोघं मला वेडं करून सोडतात. मुलगा कॅटेकिझमची, म्हणजे धर्मशिक्षणाच्या पुस्तकातली, उत्तरं घडाघडा म्हणतो, पण परवा विचारलंन, “कम्युनियनला देतात ती गोल चकती खरंच येशू आहे?” मला काही सांगता आलं नाही. त्यात शेजारच्या गणपतीला तो आरतीला जाऊन उभा राहतो म्हणून सासूबाई चिडतात. मी एकटी काय काय करू?
– एक आई, खानापूर तालुका

ताई, पाठांतर पक्कं आहे, तेव्हा पुस्तकाची काळजी सोडा. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. घरच्या प्रार्थनेत आणि मिस्सेत तुमच्या मुलाला गप्प बसण्यापलीकडे काही कामच नाही, आणि आठ वर्षांच्या पोराला गप्प बसण्याइतकं अवघड दुसरं काही नसतं.

तेर्सपासून सुरुवात करा. पाच दशकांची माळ (एका दशकात दहा ‘नमान मारिये’) वीसेक मिनिटं चालते. चार वर्षांच्या मुलीला एक दशक, म्हणजे तीन-चार मिनिटं, भरपूर झाली. सासूबाईंशी आधीच बोलून ठरवा: पहिलं दशक मुलांचं, पुढची चार त्यांची. मुलगा रहस्य, म्हणजे त्या दशकात आठवायचा येशू-मारियेच्या जीवनातला प्रसंग, जाहीर करील आणि आज कुणासाठी प्रार्थना ते सांगेल, मुलगी मणी सरकवील. दशक झालं की मुलं उठू देत, टीव्ही मात्र पूर्ण माळ संपेपर्यंत बंद. हे मोडलंत तर दुसऱ्याच दिवशी दोघांचं लक्ष टीव्हीकडे. वेळही बदला, जेवणाआधी बसा. पेंगणाऱ्या पोराला गुडघ्यावर बसवलं की त्याला ती शिक्षाच वाटणार. सासूबाईंनी ‘नमान मारिये’चा, म्हणजे मारियेच्या प्रार्थनेचा, पहिला अर्धा भाग कोकणीतून म्हणावा, मुलांनी उत्तराचा भाग मराठीतून द्यावा, चालतं, काही बिघडत नाही. फक्त मध्येच उच्चार सुधारू नयेत. सुधारायचे ते दिवसा, स्वयंपाकघरात.

मिस्सेला मागच्या बाकावर बसत असाल तर आधी ते सोडा. पोरं रडतील म्हणून आपण मागे बसतो आणि मागे त्यांना मोठ्यांच्या पाठींशिवाय काही दिसत नाही, म्हणून ती रडतात. दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर, कडेला बसा. शनिवारी रात्री उद्याचं शुभवर्तमान मराठी बायबलातून वाचून दाखवा आणि मुलाला तीन गोष्टी शोधायला सांगा. फादरांच्या झग्याचा रंग कोणता: साध्या काळात हिरवा, नाताळाआधीच्या आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात जांभळा, नाताळ-ईस्टरला पांढरा, पेन्टेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणाला, आणि हुतात्म्यांच्या सणाला लाल. चषकातल्या द्राक्षारसात पाण्याचा थेंब कधी पडतो? भाकर मोडल्यावर तिचा बारीक तुकडा कुठे जातो? तोही चषकातच, पण हे त्याचं त्याला सापडू दे. शुभवर्तमानाच्या आधी कपाळावर, ओठांवर आणि छातीवर अंगठ्याने तीन छोटे क्रूस करायचे असतात, ते मुलीलाही जमतात. उपवासकाळात ‘आलेलुया’ का म्हणत नाहीत, हा प्रश्न त्यानेच विचारायला हवा, तुम्ही आधी सांगून टाकू नका.

मुलगी रडायला लागली तर बाहेर न्या, पण कडेवरच ठेवा आणि शांत झाली की लगेच आत. बाहेर खेळायला सोडलंत, बिस्कीट दिलंत, तर पुढच्या रविवारी ती ठरवून रडेल.

आता त्या चकतीचा प्रश्न. “येशूची आठवण म्हणून” असं अर्धवट उत्तर देऊ नका, आपली श्रद्धा तेवढीच नाही. सरळ सांगा: “हो, खरंच. चव, रंग, आकार भाकरीचाच राहतो. पण फादर येशूचे शब्द म्हणतात, ‘हे माझे शरीर आहे’, तेव्हापासून तिथे तो स्वतः असतो.” कसं, असं पुढे विचारलंन तर पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने, एवढं पुरे. मग मिस्सा संपल्यावर त्याला पवित्र साक्रामेंत, म्हणजे तीच पवित्र भाकर, ठेवतात त्या पेटीजवळचा पेटता दिवा दाखवा आणि दोघं मिळून उजवा गुडघा टेका. हे दर रविवारी करा.

कम्युनियन हातावर घ्यायचं असेल तर घरी रिकाम्या हाताने सराव होतो: डावा तळहात वर, उजवा त्याखाली, ‘आमेन’, मग उजव्या हाताने उचलून फादरांच्या समोरच तोंडात. डावखुरा असेल तर उलट. बिस्किटाचे तुकडे घेऊन सराव नको, त्याचा खेळ होतो. आधी एक तास खायचं नाही. पाणी आणि औषध चालतं. मुलीला हा नियम लागू नाही, तिला खुशाल खायला घालून न्या.

पहिलं कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, कम्युनियनच्या आधी असतं आणि मुलं घाबरतात ती याला. निम्मी भीती आपणच घातलेली असते: “थांब, फादरांना सांगते!” हे वाक्य घरातून कायमचं काढून टाका. सुरुवातीचे शब्द आणि पश्चात्तापाची प्रार्थना पाठ करून घ्या, पण पापांची यादी तुम्ही लिहून देऊ नका आणि आत काय सांगितलंस हे नंतर विचारू नका. फादर ते कुणालाही सांगू शकत नाहीत, तुम्हालाही नाही, हे त्याला आधीच कळू दे. कोकणी, मराठी, कन्नड की इंग्रजी, हे फादरांना विचारून आत्ताच ठरवा. पाठांतर इंग्रजीत आणि कबुली मराठीत झाली की पोरं तिथे गोंधळतात.

गणपतीचं एवढं मनावर घेऊ नका. मित्राच्या घरी जावं, मखर बघावी, करंजी खावी. आरतीच्या वेळी शांत उभं राहावं. ती त्यांची पूजा आहे, आपली प्रार्थना वेगळी, हे मुलाला न चिडता सांगा. नाताळात नेवऱ्यांचं पहिलं ताट त्याच घरी जाऊ दे, आणि ते त्याच्याच हातून.

नवऱ्यालाही कामाला लावा. शनिवारचं मुलांचं दशक व्हिडिओ कॉलवर त्याने पुढे म्हणावं. घरी आला की झोपताना दोघांच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस करावा. आणि रजा एकच दिवस मिळत असेल तर ती कन्फेशनच्या दिवशी घ्यावी, असं मी म्हणेन. रांगेत बाप पुढे आणि पोरगा त्याच्या मागे, असे दोघं उभे राहू देत. कम्युनियनच्या दिवशी तसेही सगळे नातेवाईक असतातच.