हायलँडमध्ये गाडीशिवाय पहिला महिना

स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या पोर्ट्री गावाला गाडीशिवाय येताय, मुलांची शाळाही आहे. काळजी करू नका, जमतं. आधी मुलांची मोफत बसची कार्डं काढा: 11 वर्षांपासून यंग स्कॉट कार्ड, त्याहून लहानांना नॅशनल एन्टायटलमेंट कार्ड. जानेवारी 2022 पासून स्कॉटलंडमध्ये 5 ते 21 वयाच्या मुलांना बस फुकट आहे, पण कार्ड दाखवावं लागतं.

नवखे सगळे एकाच जागी फसतात. वेळापत्रकात बारीक अक्षरांत ‘फक्त शाळेच्या दिवशी’ असं असतं, ते वाचलं जात नाही. मी स्वतः ऑक्टोबरच्या सुट्टीत थांब्यावर तासभर भिजले आहे. रविवारचं तर वेगळं तपासाच, कित्येक गावांना तेव्हा बसच नसते.

बस दिसली की हात नीट पुढे करा. डिसेंबरात साडेतीन-चारलाच अंधारतं, म्हणून मुलांच्या जॅकेटला चमकती पट्टी लावा. इन्व्हरनेस शहराच्या बसफेऱ्या नंतर बघू.